टाकी निघतच नाही, तर आतून पुसायची कशी?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कॉर्डलेस वॉटर फ्लॉसरच्या टाकीत धरणारी बुरशी व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मार्चमध्ये तुमच्या वेबसाइटवरून ३,४९९ रुपयांना हे दातांच्या फटी पाण्याच्या फवाऱ्याने साफ करायचं मशीन घेतलं. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, हिरड्या सारख्या सुजतात, त्यात खालच्या दाढांवर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्के बसवलेले कृत्रिम दात. त्याखाली फटी साफ करायचा साधा दोरा जात नाही, म्हणून डेंटिस्टनीच पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन घ्या म्हणून सांगितलं.

मे संपेपर्यंत काही तक्रार नव्हती. पाऊस लागला आणि पाण्याला कुबट वास यायला लागला. आधी मी नगरपरिषदेच्या पाण्याला नावं ठेवली. पण मशीनमध्ये आम्ही फिल्टरचंच पाणी भरतो. मग एकदा फवारा नुसता बेसिनमध्ये सोडून पाहिला. पांढऱ्या बेसिनवर तिळाएवढे काळे कण पडले, बोटाने दाबले तर बुळबुळीत. मोबाइलचा टॉर्च टाकीत मारला तेव्हा तळाच्या रबरी रिंगच्या कडेने काळी रेघ दिसली. पाणी ओढणारी पारदर्शक नळीही आतून करडी झालेली. हेच पाणी आम्ही रोज सुजलेल्या हिरड्यांवर जोराने मारत होतो!

आता तुमच्या मशीनची रचना. टाकी निघत नाही. पाणी भरायच्या तोंडातून माझी करंगळीसुद्धा पुरती जात नाही, ब्रश कुठला जायला? पालथं करून रात्रभर ठेवलं तरी तळाशी चमचाभर पाणी उरतंच. आम्ही चिपळूणला राहतो. इथे जुलैत दोरीवरचा टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही, तिथे तुमची बंद टाकी काय वाळणार?

कस्टमर केअरला दोनदा फोन केला. पहिल्या बाईंनी पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून फिरवायला सांगितलं. तीन दिवस फिरवलं. क्षाराचे पांढरे डाग गेले, काळी रेघ जागची हलली नाही. दुसऱ्यांदा एका गृहस्थांनी उकळतं पाणी ओतायला सांगितलं. तुमच्याच माहितीपुस्तिकेत ४० अंशांपेक्षा गरम पाणी वापरू नका असं लिहिलंय, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्यावर उत्तर : “नोट करून घेतो, मॅडम.” आणि आठवड्याने ईमेल आला, की योग्य स्वच्छता न राखल्यामुळे हा दोष वॉरंटीत बसत नाही.

योग्य स्वच्छता म्हणजे कोणती? पुस्तिकेत त्याबद्दल एकच ओळ आहे, बाहेरून मऊ कापडाने पुसा.

मशीन डेंटिस्टना नेऊन दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. बारीक नळीत पाणी साचून राहिलं की जंतूंचा चिकट थर धरतोच, दवाखान्यातल्या खुर्चीच्या नळ्यांचंही तेच, म्हणून प्रत्येक पेशंटनंतर ते २०-३० सेकंद पाणी सोडून देतात आणि शिवाय औषध घालून नळ्या साफ करतात, असं म्हणाले. नुसत्या वाहत्या पाण्याने धरलेला थर निघत नाही. घासावं लागतं, नाहीतर औषध, आणि नंतर कोरडं करणं. त्यातलं घासणं आणि कोरडं करणं तुमच्या मशीनमध्ये शक्यच नाही. औषध कोणतं चालेल ते तुम्ही लिहिलेलं नाही. टूथब्रशला आम्ही उभा, उघडा ठेवून वाळवतो, तीन-चार महिन्यांनी बदलतो. या नळीचं काय करायचं?

तेव्हा माझे ३,४९९ रुपये परत करा. बदलून तसलंच मशीन नको. ज्यांनी हे मॉडेल घेतलंय त्यांना निदान ईमेलने टाकीत वाकून बघायला सांगा, वासावरून कळेपर्यंत फार उशीर होतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बिल, फोटो आणि तुमचा ईमेल सोबत जोडला आहे.

मशीन खोक्यात भरून तयार आहे. न्यायला येणाऱ्याला एवढं सांगून ठेवा, की खोकं आडवं करू नको, आत अजून चमचाभर पाणी आहे.

आपली,
एक ग्राहक
चिपळूण, जि. रत्नागिरी