आईचा थकवा म्हणजे आळस नव्हता

प्रिय आई-बाबा,

फोनवर आईच्या थकव्याचा, आजाराचा विषय काढला की आई "बरं बरं" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा सत्तरी तालुक्यात किती पाऊस पडला ते सांगायला लागतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी ठरलंय ते सांगते. रविवारी मी गाडी घेऊन येतेय, आणि तुम्ही दोघं फोंड्याला राहायला येताय. आमच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट भाड्यानं घेतलाय, ॲडव्हान्स देऊन झालाय. रागावू नका. त्या रात्री आई उलट्या करून करून गुंगीत गेली आणि गावातून हॉस्पिटलात पोचायला दीड तास लागला, बाबा एकटे, बाहेर पाऊस, हे पुन्हा होऊ द्यायची माझी हिंमत नाही. घर विकायचं नाहीये, कुळागराची बाग शेजारचे बघतील, चवथीला आपण सगळे तिथंच, गणपतीवरची माटोळी बाबाच बांधणार. इथं पोदेर सकाळी पाव घेऊन गेटपर्यंत येतो, तुळशीला ऊन येईल अशी जागा बघून ठेवलीय, आईची पेजेची तपेली मात्र घेऊन या, माझ्याकडच्या कुकरात तिला तशी पेज लागत नाही.

आई, डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या. बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? आणि नंतर दूध आलं होतं का? तू खाली बघत राहिलीस. बाबा म्हणाले, तीन बाटल्या रक्त चढवलं होतं, आणि दूध आलंच नाही. 37 वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हे.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात, ग्लासगोच्या शीहान नावाच्या डॉक्टरांनी 1937 साली त्याबद्दल लिहिलं होतं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, गरोदरपणात ती फुगते, तिला रक्तही जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच रक्तस्राव होऊन बीपी पडलं तर ग्रंथीचा भाग रक्ताविना मरतो. मग दूध येत नाही, पाळी परत येत नाही, थायरॉइडला आणि कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींना हुकूमच पोचत नाही. म्हणजे काकी तुला मेथीचे लाडू आणि नाचण्याचं तिझण भरवून वर "हिच्या अंगातच दूध नाही" म्हणायची ना, त्यात तुझा काडीचाही दोष नव्हता. आणि मला भाऊ-बहीण झालं नाही, त्यातही नाही. (काकीला आता काही बोलू नका, तिचं वय झालंय.)

दर वेळी डॉक्टर नुसती थायरॉइडची टीएसएच चाचणी करून "नॉर्मल" म्हणायचे. पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकते, सोबत टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, बघावं लागतं. मग एका डॉक्टरांनी ते बघितलं आणि थायरॉइडची गोळी चालू केली, पण कॉर्टिसोल कमी असताना नुसती ती गोळी दिली तर माणूस आणखी खचतो. वर ताप आला, सोडियम उतरलं, म्हणून ती रात्र. आणि मी? मी तुला योगा क्लास लावायला सांगत होते, "सगळं मनाचं असतं आई" म्हणत होते. ते राहून राहून आठवतंय गं.

लहानपणी मला ताप आला की तू तळहात कपाळावर ठेवायचीस, मे महिन्यातसुद्धा इतका गार की ओल्या पट्टीची गरजच पडायची नाही. मी तो हात सोडायचे नाही. ते गार हात म्हणजे तुझा आजार होता हे मला आता कळतंय.

बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाळंतपणाच्या रात्री रक्त मिळवायला तुम्ही किती धावलात ते आजी सांगायची, तुमच्यामुळेच आई वाचली.

आता नीट ऐका. हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे त्या कॉर्टिसोलचीच, गोळी उठल्या उठल्या, दुसरी दुपारी, रात्रीवर ढकलायची नाही. ती एकही दिवस बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही, "स्टेरॉइड वाईट" असं कोण देवळात सांगेल त्याचं ऐकायचं नाही, शरीरात जे बनत नाही तेवढंच आपण देतोय. ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डबल. उलटी होऊन गोळी पडली तर माझी वाट बघायची नाही, 108 ला फोन, आणि फ्रिजवर लावलेला कागद ॲम्ब्युलन्सवाल्याला दाखवायचा. एकादशीचा उपास असला तरी गोळी चालते, मी भटजींना विचारलंय.

रविवारी आठला पोचते. लोणच्याच्या बरण्या दोनच घ्या, स्वेटर सगळे घ्या. आणि आई, उद्या सकाळची गोळी घेतलीस की मिस्ड कॉल दे, मी फोन उशाशीच ठेवते.

तुमची,
बाय