मंडळी मी सोडणार नाही

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "चर्चच्या पाळकांशी वाकडं घेतलंस, तर उद्या आमच्या मातीला कोण उभं राहील?" मला लगेच बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. बाबा म्हणाले, एवढा त्रास होतोय तर दुसरीकडे जा, नव्या फेलोशिप पुष्कळ निघाल्यात. दोघांनाही सांगते, मंडळी, आपलं हे चर्च, मी सोडणार नाही आणि हा विषयही सोडणार नाही.

तुमच्या कानावर वेगळंच आलेलं दिसतंय. आमचं मागणं दोन गोष्टींचं आहे. वर्षाच्या सभेत जमाखर्च छापून प्रत्येकाच्या हातात द्यावा, आणि बिशपांना पत्र लिहून आपल्याला एक स्त्री पाळक मागावी. हिशेबाला उघड विरोध कोणी करत नाही, फक्त सभेच्या दिवशी कागद तयार नसतो. स्त्री पाळक म्हटलं की मात्र बायबलमधलं पौलाचं वचन पुढे येतं: स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. बाबा, संडेस्कूलमध्ये तुम्हीच शिकवलंत, वचन मागचंपुढचं सोडून वाचू नये. करिंथकरांच्या त्याच पहिल्या पत्रात, 11व्या अध्यायात, पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बायकांबद्दल लिहितो. डोकं झाकून करा म्हणतो, करू नका म्हणत नाही. आणि रिकाम्या कबरेची बातमी शिष्यांना कोणी दिली? मग्दालीया मरीयेनंच ना?

यात चर्चच्या नियमाविरुद्ध काहीच नाही. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपणाची दीक्षा मिळते. 2024मध्ये ओडिशातल्या फुलबनीला व्हायोलेट नायक बिशप झाल्या. बाई बिशप होऊ शकते, पण आमच्या वेदीपाशी तिनं प्रभूभोजनाची भाकर मोडलेली चालत नाही! तेही नगरात, जिथे मिशनरी सिंथिया फरारबाईंकडे सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला आल्या होत्या. आपली आजी बायबल वुमन होती. उन्हातान्हात खेडी पालथी घालून तिनं वचन सांगितलं, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या. प्रभूभोजनाचा पेला मात्र तिला कधी कोणाला देता आला नाही. ती त्याबद्दल बोलली नाही, पण मला ते लागतं.

बाबा, जुन्या गोष्टी तुमच्याच तोंडून ऐकल्यात. आपली मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची. पाळक कोण, पैसा कुठे, सगळं सभेत ठरायचं. मग 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा चर्चचं ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आपल्याला बिशप मिळाले. ऐक्य चांगलंच झालं. पण सभेत उभं राहून विचारायची रीत ही आपल्या घरची होती, ती का मोडू द्यायची? मी नवीन काही आणत नाहीये.

तुम्ही कवी ना. वा. टिळकांचा दाखला देता. 1917मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा आपला वेगळा भक्तसंघ काढला, खरंच आहे. त्यांच्याएवढी माझी झेप नाही. मी फेलोशिपमध्ये गेले तर माझा रविवार शांत जाईल, पण युवक संघातल्या मुली इथेच राहतील. त्यातल्या एकीला सेमिनरीत जायचंय. "पाळक झाले तर मला बोलावेल कोण?" असं तिनं मला विचारलं. तिला मी काय सांगू?

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सभेत माझ्याविरुद्ध हात वर करणाऱ्या बायकाच, मला ताप होता तेव्हा भाकरी-कालवण घेऊन आल्या. एकीनं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. अशी ही माणसं आहेत. मातीला सगळी येतील, तू जीव टांगणीला लावू नकोस.

सभा पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही पुण्याला गेलात तरी नावं अजून इथल्याच यादीत आहेत. बाबा, वर्षाची वर्गणी भरायची राहिली असेल तर मला कळवा, त्याशिवाय मत देता येत नाही. आणि तुमच्या ट्रंकेत मंडळीची जुनी इतिवृत्तं असतील तर घेऊन या, मला ती सभेत वाचून दाखवायची आहेत. आईला गुडघ्यांमुळे एसटी नको, मी गाडी पाठवते.

तुमची लेक