दहा विधानांत विचारसरणी मावत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'तुम्ही डावे की उजवे?' ही दहा विधानांची चाचणी आली आणि पुढच्याच आठवड्यात वाचकांच्या उत्तरांची टक्केवारीही छापली गेली. माणसांची राजकीय मते कशी घडतात हा विषय वृत्तपत्राने हाती घेतला याचे मनापासून स्वागत. पण या चाचणीतून वाचकांच्या हाती चुकीचे चित्र पडले. ते का, हे सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते.

दहापैकी पाच विधाने अर्थकारणाची होती (कर, सरकारी उद्योग, खासगी मालकी वगैरे) आणि पाच धर्म, कुटुंब, परंपरा, शिक्षा यांविषयीची. प्रत्येक विधानाला उणे दोन (डावे) ते अधिक दोन (उजवे) गुण आणि शेवटी सरसकट बेरीज. आता एखाद्याला अर्थव्यवस्थेवर सरकारचे पूर्ण नियंत्रण हवे आहे आणि तो परंपरेच्या बाबतीत अत्यंत कडवा आहे असे समजा. त्याचे गुण उणे दहा अधिक दहा, म्हणजे शून्य. आपल्या तक्त्यानुसार तो 'मध्यममार्गी'. ज्याला दहाही प्रश्नांत काडीचा रस नाही आणि ज्याने प्रत्येक ठिकाणी 'तटस्थ' लिहिले, तोही शून्य आणि तोही मध्यममार्गीच. डावे-उजवे ही विभागणी १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत पडली ती राजाच्या अधिकारांच्या वादातून. राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधक डावीकडे. तेव्हाचा मुख्य तंटा एका रेषेवर मांडता येत होता. आज आर्थिक आणि सामाजिक मतांच्या दोन बेरजा वेगळ्या ठेवाव्यात आणि वेगळ्याच छापाव्यात. त्यांची पुन्हा बेरीज करू नये.

याहून गंभीर दोष असा, की दहाही विधानांत 'सहमत' म्हटले की गुण उजवीकडेच जातात. समोर ठेवलेल्या वाक्याला मान डोलावण्याची सवय पुष्कळांना असते, विशेषतः विषय अपरिचित असला की. १९५० मध्ये थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी हुकूमशाही वृत्ती मोजण्यासाठी 'एफ' मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिच्यात नेमके हेच झाले होते. सगळी विधाने एकाच दिशेची असल्याने उत्तर वृत्तीचे की होकाराच्या सवयीचे, हे वेगळे काढता येईना, आणि त्यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. उपाय सोपा आहे: निम्मी विधाने उलट अर्थाची लिहावीत आणि गुण देताना ती उलटवावीत. मात्र उलटवताना दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे. २०१२ मध्ये राज्यशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात स्वभाव आणि विचारसरणी यांच्या संबंधावरचा लेख आला. त्यात राजकीय मतांचे संकेतांक (उत्तरांना दिलेले आकडे) उलटे पडले होते, त्यामुळे निष्कर्षांची दिशाच उलटी छापली गेली. दुरुस्ती आली २०१६ मध्ये.

शब्दयोजनेकडे तर फारच दुर्लक्ष झाले आहे. अमेरिकेत एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारून पाहिल्याचे निष्कर्ष डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असे विचारल्यावर ६२ टक्के लोक 'देऊ नये' म्हणाले. त्याच भाषणांवर 'बंदी घालावी का?' असे विचारले तेव्हा 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच भरले. व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकच, तरी फरक १६ टक्क्यांचा! आपल्या सातव्या विधानात 'बंदी' हा शब्द आहे आणि त्यावरून वाचकांना 'उदारमतवादी' ठरवले आहे. हा निष्कर्ष टिकणारा नाही.

'या विषयावर विचार केलेला नाही' हा पर्याय न ठेवणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये त्याच माणसांना तेच प्रश्न विचारलेल्या पाहण्यांचा अभ्यास १९६४ मध्ये मांडला. काही प्रश्नांवर बहुतेकांची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखी बदलत होती. राजकारणाकडे सुसंगत विचारसरणीच्या चौकटीतून पाहणारे शंभरात तीनही नव्हते. पर्याय नसला की माणूस सौजन्य म्हणून काहीतरी खूण करतो आणि आपण तिला मत समजून मोजतो.

चाचणीसोबतच्या लेखात म्हटले आहे की माणूस विचारसरणी निवडतो आणि मग पक्ष. पुष्कळदा क्रम उलटा असतो. पक्षनिष्ठेचे बाळकडू घरातच मिळते. अमेरिकेत १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले आणि त्यांचे पालक यांची पाहणी झाली. तिच्यात पक्षाबाबत दोन पिढ्यांचे बऱ्यापैकी जुळत होते, पण एकेका धोरणाबाबत बरेच कमी. २००३ मध्ये जेफ्री कोहेन यांनी विद्यार्थ्यांपुढे कल्याणकारी मदतीची धोरणे ठेवली, काही उदार, काही अतिकडक. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे सांगितले की धोरणाचा आशय काहीही असो, विद्यार्थी त्याच्या बाजूने जात. वर, आपण आशय पाहूनच ठरवले असेही सांगत, आणि ते खोटे बोलत नव्हते.

स्वतःवर आलेला प्रसंगही मत घडवतो, आणि त्याचा स्वच्छ पुरावा एका सोडतीतून मिळाला. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सक्तीच्या सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. जी तारीख आधी निघाली तिचा क्रमांक लहान, आणि क्रमांक लहान तर व्हिएतनामच्या युद्धावर जाण्याची शक्यता जास्त. चिठ्ठी ना घराणे पाहते ना स्वभाव. रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर यांनी २०११ मध्ये दाखवले, की महाविद्यालयाच्या वाटेवर असलेल्या तरुणांपैकी लहान क्रमांकवाले अधिक युद्धविरोधी आणि अधिक उदारमतवादी झाले, आणि परिणामाच्या खुणा १९९७ च्या मुलाखतींतही दिसत होत्या. विशीतली घटना पन्नाशीपर्यंत पुरली. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचाही काही वाटा दिसतो, पण आपल्या लेखातले 'जन्मजात डावे' हे शीर्षक त्या अभ्यासांच्या कितीतरी पुढे गेले आहे.

राहिली टक्केवारी. स्वतःहून उत्तरे पाठवणारे वाचक म्हणजे सगळ्या समाजाचा नमुना नव्हे, आणि ते कितीही असले तरी तो दोष झाकला जात नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, लँडन जिंकणार असे भाकीत छापले गेले आणि रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये घेतली. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे सोडतीसारखे, निवडलेल्या हजार जणांत चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे राहते. त्यातल्या शंभर तरुणांचा वेगळा आकडा काढला की तीच दहा टक्क्यांवर जाते. तेव्हा 'तरुण वाचक चार टक्क्यांनी अधिक उजवे' या मथळ्याला काही आधार नव्हता.

पुढच्या खेपेस विधाने आधी वीस-पंचवीस जणांना वाचून दाखवावीत आणि प्रत्येकाला त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. चार-पाच जणांनी वेगळाच अर्थ सांगितला तर विधान बदलावे. आकड्यांशेजारी विधाने जशीच्या तशी, त्यांचा क्रम, तारखा, निवडीची पद्धत, किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले आणि 'विचार केलेला नाही' म्हणणारे किती, एवढे छापायला लहानशी चौकट पुरते. चाचणी पुन्हा घेणार असाल तर मसुदा तपासून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक
(सामाजिक संशोधन पद्धतीची अध्यापक)