मावशी, दवाखाना तू घरात आणलास

प्रिय मावशी,

आई सांगते, माझ्या जन्माच्या रात्री आल्या आल्या तू चुलीवर पाणी ठेवायला लावलंस. कोपरापर्यंत हात साबणानं धुतलेस, ब्लेड आणि दोरा उकळायला टाकलास. आजी कुरकुरली, घरात धारेचा विळा असताना ही कसली नवी पद्धत? त्याच विळ्यानं माझ्या थोरल्या भावाची नाळ कापली होती. आठव्या दिवशी तो धनुर्वातानं गेला. सटवीनं तेवढंच लिहिलं होतं, असं म्हणून घरानं ते गिळलं. तू आजीशी वाद घातला नाहीस. तिलाच चुलीजवळ बसवलंस, पाण्यावर लक्ष ठेवायला. पुढं भावकीत कुणाचं बाळंतपण आलं की आजी स्वतःच पाणी उकळत ठेवायची.

त्या रात्रीचे आभार आज मानतेय. फार उशीर केला गं.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या दवाखान्याची गोष्ट लोक १९७० पासून सांगतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतलं शिक्षण घेऊन या दुष्काळी मुलखात आले, गुरांच्या जुन्या दवाखान्यात तपासायला बसले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं. इमारती वाढल्या, शिकायला परदेशातून माणसं येऊ लागली. हे सगळं मोठंच आहे. पण मला त्यातला एक प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. आधी गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवायचं ठरलं होतं. ते जमेना. परक्या गावात एकट्या बाईनं राहणं अवघड, आणि परकीजवळ बायका मनातलं बोलतही नाहीत. तेव्हा गावातलीच बाई घ्या, ही सूचना गावाकडूनच आली, आणि डॉक्टरांनी ती मानली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या हाती औषध द्यायचं, हे त्या काळी कुठल्या डॉक्टरच्या पचनी पडलं असतं?

म्हणून तू आमच्या गावची आरोग्य कार्यकर्ती झालीस. काही घरं तुला ओसरीवरच थांबवायची. तू मात्र दर आठवड्याला जामखेडला जायचीस. तिथं सगळ्या जातींच्या बायका एकत्र शिकायच्या, एका पंगतीला जेवायच्या. तिथून शिकलेलं सगळं डोक्यात साठवून आणायचीस. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहायचं. पोटुशीला अर्धपोटी ठेवायचं नाही. अंगावर फिकट चट्टा दिसला तर तिथं स्पर्श कळतो का बघायचं, आणि महारोग असेल तर माणसाला वेशीबाहेर न घालवता औषध पुरं करायला लावायचं. आमच्या गल्लीतल्या एका माणसाला घरातले ताटही लांबून सरकवायचे. तू त्याच्या शेजारी बसून चहा प्यालीस, सगळ्यांना दिसेल असा, दारातच. महिनाभरानं त्याची सून त्याला हातात ताट द्यायला लागली. आणि ज्यांनी तुला ओसरीवर थांबवलं, त्यांच्याच माजघरात तू रात्र रात्र बाळंतिणीच्या उशाशी बसलीस.

दवाखाना किती वाढला, हे मी तिथल्या खाटांवरून मोजत नाही. लहानपणी शेवटच्या घटकेला बैलगाडीत घातलेली माणसं मी पाहिली. ती हळूहळू दिसेनाशी झाली, कारण आजार तुझ्या ओट्यावरच ओळखला जायचा. खरंच अवघड असेल त्याला तू वेळेत जामखेडला धाडायचीस, बहुतेकदा स्वतः सोबत जायचीस. मेबलबाई १९९९ साली गेल्या, आरोळे डॉक्टर २०११ साली. त्यांचं नाव घेतलं जातं, घेतलंच पाहिजे. पण २००५ नंतर गावोगाव आशाताई दिसू लागल्या, तेव्हा मला आधी तूच आठवलीस. हे काम त्याआधी कितीतरी वर्षं तू पगाराशिवाय करत होतीस.

गावात रात्री कुणाला कळा सुरू झाल्याचं कळलं की आई अजून उठून बसते आणि तुझ्या घराच्या दिशेनं बघते. आता रुग्णवाहिका येते, हे तिला ठाऊक आहे. तरी बघते.

तुझ्या हातावर जन्मलेली,
तुझी पोरगी