मावशीच्या विमानफेरीबद्दल

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. जूनमध्ये तू मावशीला विमानातून डोंगर दाखवणार, हे तिने फॅमिली ग्रुपवर जाहीर केलंय, तारखेसकट. लायसन्स हातात आहे, तू माणसं बसवणारच. त्याला माझी ना नाही. मला खटकते ती तारीख.

तुझ्या डेन्व्हरच्या उत्तरेला शायन शहर आहे. 11 एप्रिल 1996 ला तिथून सात वर्षांच्या जेसिका डब्रॉफचं छोटं सेसना विमान निघालं. सोबत वडील आणि प्रशिक्षक. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठावरून अमेरिका ओलांडायचा विक्रम करायचा होता, टीव्हीवाले वाट बघत होते. वादळ येऊन ठेपलं होतं, पाऊस सुरू होता. त्याच्या तावडीतून निसटू म्हणून निघाले. वर चढत वळताना विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल गेली. तिघेही गेले.

पोरीच्या हाती विमान दिलं म्हणून पडलं, असं लोक अजून म्हणतात. अपघाताचा चौकशी अहवाल म्हणतो, त्या वेळी विमान प्रशिक्षकच चालवत होता.

आता फिजिक्सची बाई बोलते, ऐक. विमानतळ सहा हजार फुटांवर. गारठा असूनही डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ असते ती उंची, 6,670 फूट. एवढ्या विरळ हवेत टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. शिवाय विमानात सुमारे 44 किलो वजन जास्त होतं. पण खरी फसगत डोळ्यांची. काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो, जमीन मात्र दहाएक टक्के जास्त वेगाने मागे पळते. समुद्रसपाटीला सरावलेल्या माणसाला वाटतं, वेग भरपूर आहे. वारा पाठीमागून आला की हा भास आणखी वाढतो. तू त्या उंचीवरच उडवायला शिकलीस, तेवढं बरं.

अहवालात कारणांच्या जोडीला आणखी एक नोंद आहे: झेपणार नाही असं वेळापत्रक पाळायची धडपड, आणि त्यामागे माध्यमांना दिलेले शब्द. मला ती नोंद वजनाच्या आकड्याहून मोठी वाटते.

तिकडे जूनच्या दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड आठ हजारांच्या वर जाते म्हणे. मावशीला मी सांगितलंय, तारीख नाही, सकाळ ठरेल, तीही त्या दिवशी. ती रुसलीय. तू तिचं वजन विचारशील तेव्हा आणखी रुसेल. ती सांगेल त्यात पाच किलो मिळव. आणि कॅमेऱ्याची बॅग गाडीतच राहू दे.

तुझी,
आई