जीवरसायनशास्त्र घेण्यापूर्वी पिपेट हाती यावी

महोदय,

बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की, ‘मेडिकल हुकले, मग बायोकेमिस्ट्री घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न ठाण्यातील अनेक घरांत विचारला जातो. पदवीच्या वर्गांना हा विषय बरीच वर्षे शिकवत असल्यामुळे पालक तो माझ्याकडेही घेऊन येतात. विषय जरूर घ्यावा. परंतु त्यासाठी लागणारी हाताची तयारी अकरावी-बारावीत होत नाही, याकडे आपणा सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे.

गेल्या वर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकाला लाळेतील अमायलेज हे एन्झाइम (शरीरातील रासायनिक क्रिया वेगवान करणारे प्रथिन) स्टार्चचे पचन कसे करते, हे पाहायचे होते. स्टार्चचे द्रावण ३७ अंश सेल्सिअसला ठेवून त्यात पाणी घालून पातळ केलेली लाळ मिसळायची, दर मिनिटाला त्यातील थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडिनमध्ये टाकायचा आणि स्टार्च असेपर्यंत येणारा निळा रंग कधी थांबतो ते नोंदवायचे, एवढाच तो प्रयोग. एका विद्यार्थिनीचा निळा रंग पंधरा मिनिटे उलटली तरी जाईना. स्पर्धात्मक अवरोध (एखाद्या पदार्थाने एन्झाइमवरील जागा बळकावून त्याचे काम अडवणे) म्हणजे काय, हे याच मुलीने वर्गात न अडखळता सांगितले होते; मात्र पिपेटची (द्रव मोजून घेण्याच्या नळीची) खूण डोळ्यांच्या पातळीवर आणून द्रवाचा खालचा वक्र पाहायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हते, आणि वॉटर बाथचा (नळ्या ठरावीक तापमानाला ठेवण्याच्या गरम पाण्याच्या भांड्याचा) पारा ८० वर गेला होता, तिकडेही तिचे लक्ष नव्हते. ‘मॅडम, उत्तर किती यायला हवे?’ असे तिने विचारले तेव्हा मला फार वाईट वाटले. उष्णतेने एन्झाइमची घडी मोडते आणि ते काम करेनासे होते, हे तो फसलेला प्रयोगच तिला दाखवत होता.

दोष तिचा नाही. बारावीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत प्रात्यक्षिकांना ३० गुण असतात. तरीही क्लासशी जोडलेल्या काही कनिष्ठ महाविद्यालयांत प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतली जाते आणि गुण पदरात पडतात, असे मुलेच सांगतात.

हे शास्त्र तर मोजमापावरच उभे आहे. सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्याच आधारे त्यांना स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे ऊर्जा साठवणारे संयुग सापडले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या आपल्या कमला सोहोनी यांनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी हे श्वसनात भाग घेणारे प्रथिन दाखवून दिले, तेही प्रयोगशाळेतच.

शिक्षण विभागाने कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांची पूर्वसूचना न देता पाहणी करावी, अशी माझी विनंती आहे. पालकांनीही प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा चालू असताना एकदा पाहावी, एका टेबलावर किती मुले उभी असतात ते मोजावे आणि कलरीमीटर (रंगाचा गडदपणा मोजण्याचे उपकरण) मुलांच्या हाती दिला जातो की कपाटात बंद असतो, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावे.

– जीवरसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, ठाणे