डॉल्फिन मासा नाही, म्हणूनच तो जाळ्यात गुदमरतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अतिमासेमारीवरचा कालचा लेख दोनदा वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण सोबतच्या छायाचित्राखाली ‘जाळ्यात सापडलेला डॉल्फिन मासा’ अशी ओळ आहे आणि ती वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. डॉल्फिन मासा नाही. आपल्या अंकात ही चूक पहिल्यांदा झालेली नाही. मागेही मी याबद्दल लिहिले होते. ते पत्र छापले गेले नाही आणि चूकही सुधारली नाही.

‘देवमासा’ हा शब्द भाषेत रुळला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या लोकांना पाण्यात जे पोहताना दिसले त्याला त्यांनी मासा म्हटले. पण जाळ्यात मेलेल्या डॉल्फिनचे चित्र छापून खाली ‘मासा’ लिहिले, की तो कसा मेला हेच वाचकापासून लपते. माशाला कल्ले असतात. डॉल्फिनला आपल्यासारखी फुफ्फुसे असतात, नाकपुडी डोक्यावर असते आणि श्वासासाठी त्याला दर काही मिनिटांनी वर यावेच लागते. जाळ्यात शेपटी गुंतली की वरची वाट बंद होते. पाण्याखाली तो श्वास घेत नाही, शेवटपर्यंत रोखून धरतो आणि गुदमरतो.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो. १९९४ साली भर महासागरात आमचे इंजिन बंद पडले. खाली सहा-सात तास दुरुस्ती चालली होती. मध्येच श्वास घ्यायला म्हणून मी डेकवर आलो. वारा नव्हता, पाणी तेलासारखे स्थिर होते. जहाजाच्या बाजूला हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा एक मोठा गुंता हळूहळू येऊन टेकला. एखाद्या मासेमारी बोटीने तोडून टाकलेले किंवा तिच्याकडून सुटलेले जाळे असावे. त्यात एक डॉल्फिन होता, मेलेला, पण फार वेळ झालेला नसावा, कारण अंगाला अजून तकाकी होती. शेपटीला तीन-चार वेढे बसले होते आणि दोरा कातडीत रुतला होता. त्याची नाकपुडी पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर होती. फक्त वीतभर. तेवढे अंतर त्याला कापता आले नव्हते.

आम्ही दोघातिघांनी ते जाळे वर ओढून घेऊ द्या अशी विनंती केली, कारण ते तसेच राहिले तर पुढच्या प्राण्याला अडकवणार हे कोणालाही दिसत होते. परवानगी मिळाली नाही. इंजिन सुरू होत आले होते आणि वेळ आधीच वाया गेला होता. आम्ही निघालो. किती वाजता थांबलो आणि किती वाजता निघालो, याची नोंद लॉगबुकात झाली. जाळ्याची झाली नाही. मी तेव्हा आणखी जोर लावायला हवा होता, हे मला आजही वाटते. नायलॉनची जाळी समुद्रात टाकून द्यायला जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराने ३१ डिसेंबर १९८८ पासूनच बंदी आहे. पण समुद्रात सुटलेल्या जाळ्यावर ते कोणाचे हे लिहिलेले नसते.

कालच्या लेखात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. सगळा हिशेब टनांत आहे. किती टन पकडले, किती घटले, किती वाढवता येतील. जगातील मत्स्यसाठ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक साठ्यांतून झेपेल त्यापेक्षा जास्त मासे काढले जात आहेत, हे लेखात आले, ते बरोबरच आहे. १९७४ मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. पण ज्यांना पकडायचेच नव्हते आणि तरी जे मेले, ते कोणत्या रकान्यात? पूर्व पॅसिफिकमध्ये ट्यूनाचे थवे डॉल्फिनच्या कळपाखाली फिरतात, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बोटी कळपालाच पर्ससीन जाळ्याचा, म्हणजे खालून पिशवीसारखे आवळता येणाऱ्या जाळ्याचा, वेढा घालू लागल्या. त्यात ६० लाखांहून अधिक डॉल्फिन मेले. एवढ्या मरणाबद्दल लेखात एक ओळही असू नये?

आणि वाकिता, म्हणजे मेक्सिकोच्या समुद्रातला डॉल्फिनसारखाच एक छोटा सस्तन प्राणी. लेखातील तिच्याबद्दलचा परिच्छेद मी तीनदा वाचला. ‘शेवटच्या काही वाकिता पकडून सुरक्षित तलावात वाढवाव्यात’ ही सूचना करणाऱ्या लेखकाने २०१७ मध्ये काय घडले ते पाहायला हवे होते. मेक्सिकोने नेमका तोच प्रयत्न केला. तज्ज्ञ आणले, समुद्रात कुंपण घातलेले आवार तयार केले. पहिले पकडलेले पिल्लू इतके घाबरले की त्याला सोडून द्यावे लागले. दुसरी, पूर्ण वाढलेली मादी, पकडल्यानंतर काही तासांत मेली. मोहीम तिथेच थांबली. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाखेरीज हा प्राणी जगात कुठेही नाही. १९९७ मध्ये त्यांची संख्या अंदाजे ५६७ होती. २०२४ च्या पाहणीत सहा ते आठ दिसल्या. या घसरणीचे कारण शोधावे लागत नाही. तोतोआबा नावाच्या मोठ्या माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीला चोरट्या बाजारात प्रचंड भाव मिळतो. त्याच्यासाठी पाण्यात भिंतीसारख्या उभ्या लावलेल्या गिलनेट जाळ्यांमध्ये जेमतेम दीड मीटर लांबीची वाकिता अडकते आणि गुदमरते. तोतोआबाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९७० च्या दशकापासून बंदी आहे, त्या भागातल्या गिलनेटवरही आहे, तरी जाळी पडतात. तिला तलाव नको आहे. तिच्या पाण्यातून जाळी काढायला हवीत.

मी मच्छीमारांना दोष देत नाही, हे स्पष्ट लिहितो. पूर्व पॅसिफिकमध्ये डॉल्फिन वाचवण्याची युक्ती बोटींवरच्या कप्तानांनीच काढली: वेढा पूर्ण झाल्यावर बोट मागे घ्यायची, म्हणजे जाळ्याची कड पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन तिच्यावरून निसटतात. कोळंबीसाठी बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात गजांची एक चौकट बसवली की समुद्री कासवाला बाहेर पडायला वाट मिळते. नीट बसवलेल्या चौकटीतून जवळपास ९७ टक्के कासवे निसटतात. कासवालाही फुफ्फुसेच असतात आणि तेही तसेच गुदमरते. अमेरिकेत ही चौकट १९८७ पासून नियमात आली. म्हणजे उपाय हाताशी असून चार दशके होत आली. जिथे ती अजून बसवली जात नाही, तिथे का बसवली जात नाही, हे विचारायला आपला वार्ताहर पाठवा. मी ते पान जपून ठेवीन.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबद्दल लेखाने जो आनंद व्यक्त केला आहे, तोही मला पटला नाही. तिथल्या कॉडच्या मासेमारीवरची १९९२ ची बंदी दोन वर्षांसाठी म्हणून जाहीर झाली होती, ती उठायला २०२४ उजाडले. पहिल्या वर्षी परवानगी मिळाली ती १८ हजार टनांची. १९६८ मध्ये तिथून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते, तर ‘समुद्र सावरला’ असे उपशीर्षक देता आले नसते.

आपण वाचकांची पत्रे कापून छापता, याचा अनुभव मला आहे. मागच्या वर्षी माझ्या पत्रातला नेमका मुद्द्याचा परिच्छेद गेला आणि अभिनंदनाच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या. या वेळी जागा कमी पडली तर कॉड काढा, वाकिता काढा, माझे जहाजही काढा. पण उद्याच्या अंकात छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करा. ‘मासा’ हा शब्द काढून टाका आणि ‘जाळ्यात गुदमरून मेलेला डॉल्फिन’ असे छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक
(निवृत्त जहाज इंजिनीअर)